राका कुंभाराची मांजर : संतचरित्रातील प्राणिकरुणेचा एक विचार

बीजसंज्ञा : महीपती, भक्तविजय, राका कुंभार, नामदेव, मांजर, भूतदया

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी (बामणी) हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या परिसराची सांस्कृतिक ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून नामदेवांच्या नावाशी जोडलेली आहे. या भागातील नामसप्ताहात आणि कीर्तनात भूतदयेचा विषय निघाला की नामदेवांची एक आख्यायिका हमखास सांगितली जाते. कुत्रा भाकरी पळवून नेतो आणि ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात.

ही कथा सर्वपरिचित आहे. नामदेवांच्या काळातील भक्तमंडळींत गणल्या जाणाऱ्या राका कुंभाराची कथा तितकी परिचित नाही. तिच्यात कुत्र्याच्या जागी मांजर आणि तिची पिल्ले आहेत. महीपतींनी (१७१५-१७९०) शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ५७ अध्यायांच्या 'भक्तविजय' या ग्रंथात ती आली आहे. मुक्या प्राण्यांविषयीच्या करुणेची जी रूपे संतचरित्रांत आढळतात, त्यांत या कथेचे स्थान वेगळे आहे. ते कोणत्या अर्थाने वेगळे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेचे स्वरूप

कथा थोडक्यात अशी. पंढरपूरचा राका कुंभार घडवलेली कच्ची मडकी वाळत ठेवतो. एका मडक्यात मांजर विते. राकाला याची कल्पना नसते. तो मडकी आव्यात रचतो आणि आवा पेटवतो. पिल्लांची आई पेटलेल्या आव्याभोवती ओरडत फिरू लागते, तेव्हा घडलेला प्रकार त्याच्या ध्यानी येतो. एकदा पेटलेला आवा मध्येच उघडता येत नाही. राका व्याकूळ होऊन पांडुरंगाचा धावा करतो. आवा निवल्यावर पिल्ले जिवंत निघतात. पुढे राका आपले घरदार व चीजवस्तू सोडतो आणि पत्नी बांका व मुलीसह रानातील वाळलेली लाकडे वेचून निर्वाह करू लागतो.

आव्यातून वाचलेल्या पिल्लांचा कथाबंध केवळ मराठी नाही. उत्तर भारतात आणि गुजरातेत तो प्रल्हादाच्या आख्यायिकेशी जोडलेला आहे. तेथे कुंभारणीच्या आव्यातून पिल्ले सुखरूप निघालेली पाहून बालप्रल्हादाची नामावरील श्रद्धा दृढ होते. प्रल्हादाच्या कथेत आवा ही श्रद्धेची परीक्षा आहे. पिल्ले तिचा पुरावा आहेत. राकाच्या कथेत मात्र पिल्ले हा त्याच्या अंतःकरणाला लागलेला घोर आहे. घटना तीच असली तरी भर बदलला आहे.

या कथेतील मांजर निरीक्षणातून आलेली आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. व्यायला झालेली मांजर अंधारी, कोरडी, अरुंद आणि आडोशाची जागा शोधते. कणगी, कपड्यांचे गाठोडे, माळ्यावरची अडगळ आणि कुंभारवाड्यातील मोठे मडके या तिला सारख्याच सोयीच्या जागा. जन्मलेल्या पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. ते साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना स्वतःच्या शरीराची ऊबही टिकवता येत नाही. आई अन्न शोधायला गेली की ती निपचित एकमेकांना बिलगून पडतात. त्यामुळे कच्चे मडके उचलणाऱ्या कुंभाराला पिल्लांची चाहूल लागू नये, हे अगदी संभवनीय आहे. कथेतील चमत्कार पुढे घडतो. अपघात मात्र पूर्णपणे लौकिक आहे.

मांजराची प्रतिमा

मराठी भाषेने मांजराला फारसे सहानुभूतीने वागवलेले नाही. डोळे मिटून दूध पिणारी मांजर हे ढोंगाचे रूपक आहे. 'उंदराला मांजर साक्ष' ही म्हण संगनमताची आहे. मांजर आडवे जाणे हा अपशकुन. गायीप्रमाणे मांजर पूज्य नाही आणि बैलाप्रमाणे राबणारी नाही. घरात वावरूनही ती पूर्णपणे घरची होत नाही. तिच्यावर जीव लावणारे घरोघर असतात, परंतु त्या जिव्हाळ्याला म्हणींच्या भांडारात जागा मिळालेली नाही.

शास्त्रविचारात मात्र मांजराचे एक वेगळे रूप आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात शरणागतीच्या दोन कल्पना दोन न्यायांनी समजावल्या जातात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः धरून राहते, हा मर्कटकिशोरन्याय. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही; आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित जागी नेते, हा मार्जारकिशोरन्याय. येथे मांजर ही साक्षात ईश्वरी कृपेची उपमा झाली आहे.

राकाच्या कथेत ही उपमा उलटी होते. पिल्लांना उचलून नेणारी आईच आगीपुढे हतबल आहे. जिच्या मुखाने कृपेचा दृष्टान्त दिला जातो, तिच्या मुखी आक्रोशाखेरीज काही उरलेले नाही. महीपतींना हा विरोध अभिप्रेत होता असे म्हणण्याची आवश्यकता नाही; पण मार्जारकिशोरन्याय ठाऊक असलेल्या वाचकाला तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

दोन कुंभार

राकाची कथा वाचताना दुसऱ्या एका कुंभाराची आठवण अपरिहार्य आहे. तेरचे गोरा कुंभार भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असता त्यांचे मूल पायाखाली येते. दोन्ही कथांत व्यवसाय एकच, दोष अजाणता घडलेला आणि बळी निष्पाप आहे. एकात माती तुडवण्याची क्रिया घातक ठरते, दुसरीत मडकी भाजण्याची. दोन्ही कथांचा शेवट देवाच्या कृपेने गोड होतो.

तरीही दोन भेद महत्त्वाचे आहेत. गोरोबांचा दोष भक्तीच्या तन्मयतेतून घडतो. त्यामुळे त्या दोषाला भक्तीचीच एक छाया लाभते. राकाच्या बाबतीत अशी कोणतीही उदात्त सबब नाही. तो रोजचे काम रोजच्या सवयीने करीत होता आणि मडक्यात पाहायचे राहून गेले, एवढेच घडते. दुसरा भेद बळीचा आहे. गोरोबांच्या कथेत पोटचे मूल आहे. राकाच्या कथेत कोणाच्याही मालकीची नसलेल्या मांजरीची पिल्ले आहेत. असे असूनही राकाची व्याकुळता पोटच्या मुलासाठी असावी इतकी आहे. मांजरीच्या पिल्लांचा जीव आणि माणसाच्या मुलाचा जीव यांना कथारचनेत एकाच मापाने मोजले गेले आहे. उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता कथा हे साधते.

प्राणी आणि देव

संतचरित्रांतील प्राणिकथांचा एक ठरावीक घाट दिसतो. नामदेवांच्या कथेत भाकरी पळवणारा कुत्रा म्हणजे विठ्ठलच होता, असा उलगडा केला जातो. एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, तेव्हा ते पाणी रामेश्वराला पोहोचले असे सांगितले जाते. सर्वांभूती ईश्वर पाहावा, हे या कथांचे सार असून त्याची थोरवी निर्विवाद आहे. विसोबांनी औंढ्याला नामदेवांना शिकवले तेही हेच : देव नाही अशी जागा नाही.

परंतु या घाटात एक अडचण आहे. प्राण्याचे मोल येथे त्याच्यातील देवामुळे ठरते. कुत्रा विठ्ठल निघाला म्हणून तूप सार्थकी लागले. तो केवळ भुकेला, खरूज झालेला गावकुत्रा असता तर? नामदेवांच्या वृत्तीत फरक पडला नसता, हे खरे. कारण धावताना त्यांनी आधी खात्री करून घेतली नव्हती. पण श्रोत्याचे समाधान उलगड्यावर विसंबून राहते. त्याच्या मनात दयेपेक्षा दयेचे फळच अधिक ठसण्याचा धोका असतो.

राकाच्या कथेत असा उलगडा नाही. मांजर शेवटपर्यंत मांजरच राहते. पिल्लांच्या रूपाने कोणी देव अवतरत नाही. ती कोणतेही वरदान देत नाहीत, कृतज्ञताही व्यक्त करीत नाहीत. देव या कथेत आहे, पण तो पिल्लांच्या ठायी प्रकट होत नाही. तो पिल्लांसाठी धावून येतो. म्हणजे ज्याच्यासाठी देवाला साकडे घालावे इतके मोल एका सामान्य जनावराच्या जीवाला येथे स्वतंत्रपणे दिले आहे. ही या कथेची खरी विशेषता होय.

प्रायश्चित्ताचा प्रश्न

मांजराच्या हत्येचा विचार धर्मशास्त्रानेही केला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस इत्यादींच्या वधासाठी प्रायश्चित्त सांगितले आहे. लोकाचारात त्याला सोन्याच्या मांजराच्या दानाची जोड मिळाली. या आचाराचा उपहास भगवतीचरण वर्मा यांनी 'प्रायश्चित्त' या हिंदी कथेत अविस्मरणीय रीतीने केला आहे. सुनेच्या हातून मांजर मेली असे समजून पंडितजींना बोलावले जाते. सोन्याची मांजर किती तोळ्यांची असावी याची घासाघीस होते. आणि सौदा ठरतो न ठरतो तोच मेलेली म्हणून समजलेली मांजर उठून पळून गेल्याची वार्ता येते. त्या घरात सर्वांना पापाची भीती आहे; मांजरीची चिंता कोणालाच नाही.

राकाची कथा या कथेच्या शेजारी ठेवली असता दोहोंचे अर्थ अधिक उजळतात. दोन्हीकडे प्राणी अखेरीस जिवंत असतो. वर्मांच्या कथेत त्यामुळे प्रायश्चित्त हास्यास्पद होते. राका मात्र पिल्ले सुखरूप निघाल्यावरही सर्वस्व सोडतो. हा त्याग नवसाची फेड मानला जावो वा पश्चात्ताप, त्याची तोळ्यांत मोजदाद होत नाही आणि तो कोणा मध्यस्थाच्या हाती जात नाही. पाप लागले की नाही, हा राकाचा प्रश्नच नाही. आपल्या नित्याच्या व्यवसायात दुसऱ्याचा जीव असा सहज जाऊ शकतो, या जाणिवेने तो हादरला आहे.

कथेची मर्यादा आणि आजचा वाचक

कथेचे हे मोठेपण मान्य करूनही तिच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पिल्ले वाचल्यानंतर मांजर कथेतून नाहीशी होते. तिला कोणी खाऊ घातले काय, पिल्लांचे पुढे काय झाले, याविषयी कथा मौन पाळते. तिचे लक्ष राकाच्या वैराग्याकडे वळते. करुणा वैराग्यात विलीन होते, शुश्रूषेत उतरत नाही. एका क्षणाचा आर्त धावा आणि आजारी जनावराची महिनोन्महिने केलेली सेवा यांत दुसरी गोष्ट कमी नाट्यमय असली तरी कमी कठीण नाही. परंतु तिला आख्यानात स्थान मिळत नाही. शिवाय राकाच्या त्यागाचा भार बांका आणि मुलगी यांच्यावरही पडतो, हे आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटू शकत नाही.

दुसरी मर्यादा चमत्काराची. लौकिक जीवनात आव्यात गेलेले पिल्लू परत येत नाही. राज्यघटनेच्या कलम ५१ अ (छ) अन्वये प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. परंतु राकाच्या हातून घडले ते क्रौर्य नव्हते. ते अनवधान होते, आणि अनवधानावर कायद्याचा अंमल फारसा चालत नाही.

मांजरांची माया करणाऱ्यांच्या हातूनही असेच अनवधान घडते. ताप आलेल्या मांजराला घरातील पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. माणसाला उतार पडणारे हे औषध मांजराच्या यकृताला पेलत नाही आणि ती गोळी प्राणघातक ठरते. आईवेगळ्या पिल्लाला गायीचे दूध पाजले जाते आणि ते हगवणीने खंगते. लस न टोचलेल्या पिल्लांमध्ये पॅनल्युकोपेनिया हा विषाणुजन्य रोग झपाट्याने पसरतो. एकाच टोपलीत प्रेमाने एकत्र ठेवलेली पिल्ले एकामागून एक दगावतात. या सर्व प्रसंगांत दया आहे, ज्ञान नाही. राकाची कथा आज अर्थपूर्ण ठरते ती येथे. हेतू निर्मळ असणे म्हणजे दोष नसणे नव्हे, हे ती नेमके दाखवते.

समारोप

नामदेवांच्या कुत्र्याची कथा आणि राकाच्या मांजरीची कथा परस्परविरोधी नाहीत. पहिली सांगते की कोणत्याही जीवाला परका मानू नये. दुसरी सांगते की आपल्या हातून होणाऱ्या अजाणता हानीचीही जबाबदारी आपलीच आहे. पहिलीला उत्तर म्हणून देव भेटतो. दुसरीत भेटते ती केवळ आपली पिल्ले परत मिळालेली मांजर, आणि राकाला ते पुरेसे वाटते. रस्त्यावरच्या, आजारी, कोणाच्याही नसलेल्या प्राण्याची काळजी घेणाऱ्याला त्या प्राण्यात देव दिसलाच पाहिजे, अशी अट ही कथा घालत नाही.

नामदेवांच्या जन्मभूमीत पहिली कथा आवर्जून सांगितली जाते, ते उचितच आहे. तिच्या जोडीला दुसरीही सांगितली गेली, तर भूतदयेचा अर्थ अधिक व्यवहार्य होईल. पिल्लांना वाचवण्यासाठी राकाला देवाचा धावा करावा लागला, कारण आवा पेटवण्यापूर्वी मडक्यात डोकावायचे राहून गेले होते. हे डोकावणे कोणालाही शक्य आहे आणि त्यासाठी चमत्काराची गरज नाही.