समेवर कोण आलं?

मंडळी, हायब्रिड नृत्यवर्गाबद्दल माझी तक्रार ‘गुरू समोरच हवा’ अशी नाही. 2020च्या टाळेबंदीत सगळेच पडद्यावर होते, म्हणजे निदान सगळे सारखे होते. अडचण आत्ताची आहे. दहा मुली हॉलमध्ये, चार आपापल्या घरी, आणि तबला एकच.

हिशेब करून बघा. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तबला घरी पोचायला पाव सेकंद आणि मुलीचं चित्र परत यायला पाव सेकंद लागला, असं समजू. ती तीनतालाच्या 16 मात्रा चोख भरून समेवर आली, तरी गुरूंना ती एक मात्रा मागे दिसणार. गुरू म्हणतात, “अगं, ताल सुटला!” तो सुटलेला नसतो. तिचा ‘आत्ता’ आणि गुरूंचा ‘आत्ता’ वेगळा आहे, आणि निकाल मात्र गुरूंच्या घड्याळावर लागतो. फी दोघींकडून सारखी घेत असाल तर हा सरळ अन्याय आहे.

त्यात घुंगरू. मीटिंगचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी केलेलं. घुंगरांना ते पुष्कळदा गोंगाट समजून दाबून टाकतं. सेटिंग बदलता येतं, पण बदलतो कोण? शेवटी सगळ्यांना म्यूट करून तत्कार नुसता पाहिला जातो. कथकमध्ये पाय ऐकायचे असतात हो!

मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1945च्या ग्रंथात शरीराला वस्तू मानायला नकार दिला. आपण ते आतून जगत असतो. घरची मुलगी स्वतःलाच चौकटीत बघत नाचते, तेव्हा ती शरीर सोडून चित्र दुरुस्त करू लागते. ती चौकट पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा.

इथे सावंगीत वैद्यकीचे विद्यार्थी बसलेत, म्हणून हेही सांगतो. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात. तिथे सम चुकली तर काही बिघडत नाही, तोल गेला तर बिघडतं. असा वर्ग घरून करायचा तर रुग्णाशेजारी माणूस आणि भक्कम खुर्ची हवीच.

कथकपुरता उपाय साधा आहे. लेहरा मुलीच्याच घरी वाजू द्या. मग उशीर आवाजाला आणि चित्राला सारखाच होतो, आणि ती तालात आहे की नाही हे गुरूंना खरं कळतं. कधी पढंतही तिलाच करू द्या. हॉलमधल्या मुली तिच्या बोलांवर नाचतील. तिने तेवढा वेळ हॉलचा आवाज बंद ठेवावा.