छप्पर आहे, पायाखाली काय? : ‘अधांतर’ आज वाचताना

पुनर्विकासाची भाषा चौरस फुटांची असते. १६०च्या जागी ५००. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा बातम्यांमध्ये हेच आकडे होते. ते खोटे नाहीत. सकाळी सामाईक संडासासमोर रांग लावलेल्या माणसाला विचारा, स्वतःच्या घरातल्या संडासाची किंमत काय असते ती. पण या आकड्यांमध्ये न बसणारा एक प्रश्न मला जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये सापडतो.

नाटक १९९७चं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरचं गिरणगाव, चाळीतली एक खोली आणि त्यात धुरी कुटुंब. लेखक व्हायला निघालेला बाबा, क्रिकेटवेडा मोहन, टोळीच्या नादाला लागलेला नरू, बहीण मंजू आणि या सगळ्यांना सांधून ठेवायला धडपडणारी आई.

गिरणगावावरचं बरंचसं लेखन हळवं असतं. भोंगा, भजन, गणपती, शेजारधर्म. हा हळवेपणा बिल्डरलाही चालतो. गिरणीची चिमणी तेवढी ठेवायची, बाकी पाडायचं आणि ब्रोशरमध्ये ‘वारसा’ म्हणून छापायचं. पवार ही सोय कुणालाच देत नाहीत. त्यांची चाळ गोड नाही. तिथे जागा कमी आहे, म्हणून रागालाही दुसरी खोली नाही. त्यामुळे ‘चाळी पाडू नका’ असं म्हणायला हे नाटक उपयोगाचं नाही, आणि मला ते आवडण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण नावात आहे. धुरींच्या डोक्यावर छप्पर आहे. तरी ते अधांतरी आहेत, कारण पायाखालचं काम गेलंय. गिरणीत नुसता पगार नव्हता. पाळीची वेळ, युनियन, बापानंतर मुलगा लागेल ही खात्री, असं सगळं होतं. ते गेल्यावर बाबाला शब्द, मोहनला स्कोअर आणि नरूला टोळी उरते. पवार यांतल्या कुणालाही खलनायक करत नाहीत. ‘लालबाग परळ’ (२०१०) या नाटकावरच्या सिनेमात हाणामारी पुढे येते आणि हा पोकळ वेळ मागे पडतो, असं मला वाटतं. नाटकात खरी भीती त्या रिकाम्या दुपारचीच आहे.

आता कागदावरचा इतिहास बघा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : मोकळ्या जागेसाठी महापालिकेला एक, घरांसाठी म्हाडाला एक आणि मालकाला एक. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा हिस्सा आक्रसला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मोर्चे झाले, म्हाडाच्या लॉटऱ्या निघाल्या, काही कामगारांना घरंही मिळाली. पण मूळच्या तीन वाट्यांतही कामगारांच्या रोजगारासाठी वेगळा वाटा नव्हता. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. त्या मॉलमध्ये काम आहे, पण ‘बापानंतर मुलगा’ अशी खात्री देणारं नाही. पवारांनी पुढे एका कथेला नाव दिलं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. त्याच नावाच्या संग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. राखेतून फिनिक्सच उठायला हवा होता, उठला मोर. दिसायला देखणा, पण जळाला होता तो पक्षी हा नव्हे.

नाटकाची एक मर्यादाही आहे. आई घर धरून ठेवते, आणि नाटक आईला बहुतेक तेवढ्यासाठीच धरून ठेवतं. तिला स्वतःला काय हवं होतं, हे मला नीटसं कळत नाही.

तरीही, पुढच्या वेळी पुनर्विकासाचं चकचकीत रेंडर मोबाइलवर आलं, की ‘अधांतर’ वाचा. ५०० चौरस फुटांचं घर हक्काचं आहे, ते मिळायलाच हवं. फक्त त्या घरात दुपारी कोण रिकामं बसलंय, हे रेंडरमध्ये दिसत नाही. पवारांना ते १९९७मध्येच दिसलं होतं.