धूर मोजून आग कळते का? आरोग्यसंशोधन आणि सायटेशनचे आकडे



आजचा विषय वरवर रूक्ष वाटेल. एखाद्या संशोधकाने किती शोधनिबंध लिहिले आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, म्हणजे ज्याला सगळे ‘सायटेशन’ म्हणतात, त्यावरून त्याच्या कामाची किंमत ठरवावी का? भिवंडीत बसून आपण याची काळजी का करावी, असंही कुणी विचारील. त्याचं उत्तर शेवटाकडे येईल. तूर्त एवढंच म्हणतो की आपल्या आजारांकडे कोण लक्ष देणार, हे या आकड्यांवर ठरू लागलं आहे.

आधी हा आकडा आला कुठून ते पाहू. अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी उद्धरणांची सूची करावी अशी कल्पना मांडली. त्यांच्यापुढे नमुना होता वकिलांच्या सूचीचा. एखादा जुना निवाडा पुढच्या न्यायालयांनी मानला की फिरवला, हे वकिलाला त्या सूचीवरून कळत असे. गारफिल्ड यांचाही हेतू हाच होता, की जुना निबंध वाचणाऱ्याला त्यावर पुढे झालेली टीकाही सापडावी. म्हणजे ती वाचकाची वाट होती. पुढे लोकांनी वाट सोडली आणि दगड मोजायला घेतले. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. तो असा: तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणं असतील, तर तुमचा निर्देशांक वीस. आता बघा, दुसऱ्या एकाने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाचशे उद्धरणं मिळाली, तर त्याचा निर्देशांक तीन. पहिल्याची किमान बेरीज चारशे, दुसऱ्याची दीड हजार; तरी यादीत पहिला वर.

आता आपण आपल्या न्यायशास्त्राकडे वळू. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालतं. पण उलटं चालत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. का? धूर निघायला सरपण ओलं लागतं. या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. आणखी एक सावधगिरी ते सांगतात: दुरून वाफ किंवा धूळही धुरासारखीच दिसते. सायटेशन हा धूर आहे. त्याच्याबाबतीत या दोन्ही चुका आज सर्रास होतात.

पहिली चूक, धूर नाही म्हणून आग नाही असं मानणं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम घ्या. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, मुलं तर फार. या विषाने शरीरात कॅटेकोलामाईन द्रव्यांचा पूर येतो, हृदयावर ताण पडतो, फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी ही लक्षणं रुग्णांच्या उशाशी बसून टिपली आणि १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग मांडला. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी शेकडा तीसच्या आसपास होतं, ते या गोळीनंतर एकाच्याही खाली आलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात.

या कामाला सरपण कोरडं मिळालं. विंचू चावतो तो शेतमजुराला, अनवाणी पोराला. विंचूदंशावर लिहिणारे जगात मोजके, म्हणून उद्धृत करणारेही मोजके. उलट कर्करोगावर लिहिणारे हजारो, आणि त्या क्षेत्रातल्या एका नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर शंभराच्या कितीतरी पुढे आहे. दोघांना एकाच काट्यावर तोलणं म्हणजे मोजणीच्या आधीच निकाल देणं.

पण बावस्करांचं काम थोर म्हणून ते टीकेच्या पलीकडे आहे, असं आमचं म्हणणं नाही. प्राझोसिनचे सुरुवातीचे अहवाल म्हणजे उपचार केलेल्या रुग्णांच्या नोंदी होत्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. तुलना होती ती आधीच्या काळातल्या रुग्णांशी. मधल्या काळात वाहनं वाढली, रुग्ण लवकर पोहोचू लागले, त्याचाही वाटा असू शकतो. ही शंका रास्त आहे. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांनी गट पाडून केलेली चाचणी आली. त्यात नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर सावरतात असं दिसलं. म्हणजे आपल्याच औषधाला जोड लागते, हे त्यांनीच दाखवलं. अशी टीका आणि अशी दाद, दोन्ही निबंध वाचूनच करता येतात. आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी चूक, धुळीला धूर समजणं. १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच वेकफिल्ड यांचा बारा मुलांवरचा निबंध आला. त्याने एमएमआर लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याला एक हजाराहून जास्त उद्धरणं आहेत, आणि बहुतेक त्याला खोडून काढणारी! वकिलांच्या सूचीत ‘निवाडा फिरवला’ अशी नोंद झाली असती. बेरजेत मात्र शिवी आणि ओवी दोन्ही एकच.

मग धूर आणि आग दोन्ही आहेत असं काम नाहीच का? आहे की. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा गडचिरोलीचा निबंध जगभर उद्धृत झाला. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर नेली. पण तिथेही बाळं वाचली ती त्या बायांच्या हातांनी.

श्रेयाचाही प्रश्न आहे. बॉम्बे रक्तगटाचा १९५२ चा निबंध पाहा. लेखक सात: मुंबईचे भेंडे, देशपांडे, भाटिया आणि पुढे लंडनचे चौघे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये बढतीसाठी पहिले दोनच लेखक धरायचे असं कळवलं होतं. पुढे तो नियम सैल झाला. त्या नियमाने, पुढे रक्तगटशास्त्रात नाव केलेल्या भाटियांना या निबंधाबद्दल शून्य गुण मिळाले असते.

तुम्हा भिवंडीकरांना हे जास्त समजवायला नको. मजुरी नुसती मीटरवर ठेवली तर तागा लांब होतो आणि वीण विरळ. म्हणून जाणता व्यापारी भिंग लावून इंचातले आडवे धागे मोजतो. प्राध्यापकांना २०१० पासून निबंधागणिक गुण मिळू लागले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. विरळ विणीचा कपडा एका धुण्यात कळतो. विरळ संशोधनावर औषध दिलं जातं.

यावर एक आक्षेप खरा आहे: आकडे काढून टाकले तर वशिला येईल. ओळख नसलेल्या माणसाला निदान आकड्याचा आधार असतो, असं म्हणतात. पण १९८२ मध्ये कोकणातल्या रुग्णांबद्दल लिहिणाऱ्या त्या तरुण डॉक्टरपाशी कुठला आकडा होता? कुणीतरी लेख वाचला आणि त्यातला मुद्दा पटला. वशिल्यावरचा उतारा आहे उघड वाचन. उमेदवाराने आपले तीन-चार निबंध निवडावे, परीक्षकांनी ते वाचावे आणि आपलं मत सही करून लेखी द्यावं. आकडा हवा तर सोबत असू दे, पण त्याच क्षेत्रातल्या इतरांच्या शेजारी ठेवून. आणि कोणी, कशासाठी उद्धृत केलं तेही पाहावं.

आता सुरुवातीचा प्रश्न. लूमच्या खडखडाटात बारा तास उभं राहणाऱ्याच्या कानाचं काय होतं, कापसाच्या धुळीत त्याच्या छातीचं काय होतं, हे कोणी तपासावं? तपासणाऱ्याला वर्षानुवर्षं या गल्ल्यांत फिरावं लागेल, आणि हाती उद्धरणं पडतील थोडी. बढती फक्त आकड्यावर मिळणार असेल, तर शहाणा तरुण डॉक्टर हा विषय घेणार नाही. त्याला दोष कसा द्यायचा? दोष मोजपट्टीचा आहे, आणि ती मोजपट्टी भरते आपल्या छातीवर.

म्हणून आमची विनंती एवढीच. निवड समितीवर बसणारे जे कोणी ऐकत असतील, त्यांनी पुढच्या वेळी आकड्यांचा तक्ता उघडण्याआधी निदान एक निबंध शेवटपर्यंत वाचावा.