कर्णावरून चालणारा राजा

पटावर चारच मोहरे. पांढरा राजा एच८ वर आणि प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर आणि प्यादे एच५ वर. चाल पांढऱ्याची, डाव बरोबरीत सोडवायचा. रिचर्ड रेटीने ही रचना १९२१ मध्ये प्रसिद्ध केली.

राजा-प्याद्यांच्या एंडगेमचा पहिला धडा चौकोनाचा. प्याद्यापासून वजीर होण्याच्या घरापर्यंत जेवढे अंतर, तेवढ्या बाजूचा चौकोन मनात आखायचा. राजा त्यात शिरला तर प्यादे हाती लागते. इथे पांढरा राजा दोन चाली मागे आहे. त्याचे स्वतःचे प्यादेही काळ्या राजाच्या तावडीत. नुसता नियम शिकलेला खेळाडू इथे डाव सोडून देईल.

रेटीचा राजा मात्र कर्णावरून उतरतो: जी७, मग एफ६. काळा धसका घेऊन राजा बी६ वर आणतो, आणि पांढरा राजा ई५ वर येतो. सगळी रचना या एका घरासाठी आहे, असे मला वाटते. इथून डी६ एका चालीवर आणि एफ४ही एकाच चालीवर. काळ्याने प्यादे पुढे रेटले, तर राजा डी६ वर जाऊन आपले प्यादे वजिरापर्यंत नेतो. दोघांचेही वजीर होतात, बरोबरी. काळ्याने सी६ चे प्यादे खाल्ले, तर राजा एफ४ वर येतो. आता तो चौकोनात आहे! सी६ च्या प्याद्याने मरता मरता काळ्याला दोन चाली खर्चायला लावल्या, आणि नेमक्या त्याच कमी पडत होत्या.

एच८ हून एच२ ला सरळ उतरले तर सहा चाली. ई५ वरून वळसा घेतला तरी सहाच. कागदावर वाकडी वाट लांब पडते, राजाला पटावर ती तेवढीच पडते. हे नुसते वाचून उमगत नाही, बोटाने घरे मोजावी लागतात.

ही केवळ कल्पनेतली करामत नव्हे. १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला इमॅन्युएल लास्करने ताराशविरुद्ध याच युक्तीने हरत आलेला डाव वाचवला होता.

एंडगेम शिकणाऱ्याने प्रत्यक्ष पट मांडावा, काळ्याची बाजू घ्यावी आणि जिंकायचा मनापासून प्रयत्न करून पाहावा.