नकार मोजले, पण गप्प बसणं कुणी मोजायचं?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या नेमणुकांवर संशोधन करायचं म्हटलं की तुम्ही पहिल्यांदा काय गोळा कराल? बहुतेक जण सिनेटमधली मतदानं गोळा करतात. या सवयीत एक खोट आहे. ती समजून घ्यायला अलेक्झांडर हॅमिल्टनचा १७८८ सालचा एक लेख बारकाईने वाचू या: ‘फेडरलिस्ट’ मालिकेतला ७६ वा.

आधी प्रक्रिया बघा. राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात आणि सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ मिळाली की नेमणूक होते. नाव आधी समितीकडे जातं, महत्त्वाच्या पदांसाठी सुनावणी होते, मग सभागृहात निर्णय. मंत्री, राजदूत, संस्थांचे प्रमुख अशी बाराशेहून जास्त पदं या वाटेने भरली जातात. केंद्रीय न्यायाधीश वेगळेच.

हॅमिल्टन म्हणतो, सिनेट क्वचितच नकार देईल, पण तिची संमती लागते एवढ्यानेच राष्ट्राध्यक्ष जपून वागतील. नात्यातले किंवा मर्जीतले लोक पुढे करायला धजावणार नाहीत.

आता आकडे. मंत्रिपदासाठी आलेल्यांपैकी मतदानाने फेटाळले गेलेले आजवर फक्त नऊ जण. शेवटचे जॉन टॉवर, १९८९ मध्ये, ४७ विरुद्ध ५३ मतांनी. मग हॅमिल्टन बरोबर ठरला का?

थांबा. धाकामुळे चांगलीच नावं आली, तरी नकार कमी दिसतील. सिनेट नुसती मान डोलावत असेल, तरी कमीच दिसतील. जो आकडा दोन्ही बाजूंना सारखाच चालतो, तो कुठल्याच बाजूचा पुरावा नसतो. हॅमिल्टनचा युक्तिवाद मांडणीत सुंदर आहे, पण तो खोटा ठरला असता तर आपल्याला काय दिसलं असतं, हे तो सांगत नाही.

दुसरी उणीव जास्त मोठी. त्याच्या मांडणीत सिनेट ‘हो’ म्हणते किंवा ‘नाही’. काहीच न म्हणणारी सिनेट त्यात नाही. १६ मार्च २०१६ ला बराक ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. २९३ दिवस गेले, सुनावणीसुद्धा झाली नाही, आणि ३ जानेवारी २०१७ ला नाव आपोआप बाद झालं. मतदानाच्या तक्त्यात गार्लंड यांची ओळच नाही! २०२३ मध्ये टॉमी टबरविल या एका सिनेटरने एकगठ्ठा मंजुरीला हरकत घेतली आणि लष्करातल्या शेकडो बढत्या अनेक महिने अडकून पडल्या. तिथेही नकाराचं मतदान नव्हतं.

म्हणून तुमच्या आराखड्यात मोजायचं एकक मतदान नको, पाठवलेलं नाव हवं. प्रत्येक नावापुढे चार शेवट शक्य आहेत: मंजूर, नामंजूर, मागे घेतलं, परत गेलं. शिवाय किती दिवस लागले तेही लिहा. हे सगळं अमेरिकी संसदेच्या संकेतस्थळावर नावनिहाय मिळतं. ज्या पदांसाठी नावच गेलं नाही आणि हंगामी माणूस बसवला गेला, त्यांची वेगळी यादी करा. १९९८ च्या कायद्यात हंगामी कारभाराला साधारण २१० दिवसांची मर्यादा आहे, ती सुरुवातीला आधार म्हणून धरता येईल.

आणखी एक सावधगिरी. चर्चा संपवून मतदान घ्यायला आधी ६० मतं लागत. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय वगळता बाकी नेमणुकांसाठी साधं बहुमत पुरेसं झालं, एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठीही. या तारखांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच रांगेत मांडू नका.

एवढं करूनही, राष्ट्राध्यक्षांनी मनातल्या मनात खोडलेली नावं तुमच्या तक्त्यात येणार नाहीतच. हॅमिल्टनचा दावा नेमका त्यांच्याबद्दल आहे. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिहा. मार्गदर्शकांनी विचारायची वाट बघू नका.