विंचूदंश, प्राझोसिन आणि पुरावा : महाड येथील वैद्यकीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

विंचूदंश हा मराठी मुलखात दीर्घकाळ मांत्रिकाच्या अखत्यारीतील विषय मानला गेला. ‘विंचू उतरवणे’ हा शब्दप्रयोगच त्याची साक्ष देतो. उतरवणाऱ्याला यश येत असे, यात शंका नाही. कारण बहुसंख्य दंश तीव्र वेदना देऊन काही तासांत आपोआप शमतात. उपचार कोणताही असो, रुग्ण बराच होणार असेल तर श्रेय उपचाराला मिळते. तुलनेसाठी दुसरा गट नसला की उपचाराचे मूल्यमापन किती फसवे होते, याचे याहून बोलके उदाहरण वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. त्यामुळे या विषयातील कोणत्याही संशोधनाला दोन प्रश्न विचारावे लागतात. दंश झालेल्यांपैकी कोण दगावणार हे आधी ओळखता येते काय? आणि दिलेल्या औषधाने तो खरोखर वाचला काय? डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात केलेल्या संशोधनाची या दोन प्रश्नांच्या आधारे चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा चिकित्सेची गरज आहे, कारण बावस्करांविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यातील बहुतांश गौरवपर आहे. जालना जिल्ह्यातील गरीब घरातला मुलगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोकरी, ‘लॅन्सेट’मधील लेख आणि २०२२ साली मिळालेली पद्मश्री, असा हा कथाक्रम आता सर्वांना पाठ झाला आहे. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मचरित्राने त्यात भरच घातली. हा गौरव यथार्थ आहे. मात्र ज्या शोधनिबंधांमुळे तो झाला ते निबंध वाचून त्यांतील पुराव्याचे वजन करण्याचे कष्ट फारसे घेतले गेले नाहीत.

निरीक्षणाचे सामर्थ्य

कोकणातील लाल विंचू, म्हणजे मेसोबुथस टॅम्युलस, भातपेंढ्यात, जांभ्या दगडाच्या फटीत, कौलांखाली आणि वहाणांत आढळतो. त्याच्या विषाने होणारा मृत्यू हृदय व फुप्फुसे निकामी झाल्याने होतो. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात बावस्कर रुजू झाले तेव्हा अशा रुग्णाला अॅट्रोपिन, स्टेरॉइड, अॅलर्जीविरोधी औषधे, डिजॉक्सिन यांपैकी जे हाताशी असेल ते दिले जाई. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात मात्र नवे औषध नव्हते. त्यात लक्षणे होती. उलट्या, भरपूर घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे आणि पुरुष रुग्णांत लिंगाचा ताठरपणा ही लक्षणे दंशानंतर लवकर दिसली, तर पुढे हृदयावर परिणाम होण्याची शक्यता मोठी असते, असे त्यांनी मांडले.

या लेखाचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. आयुर्वेदात उपचारापूर्वी साध्यासाध्यविचार सांगितला आहे. आधुनिक वैद्यकातही रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज हे स्वतंत्र ज्ञान आहे. परंतु प्रयोगशाळेची चमक औषधाच्या शोधाला मिळते, अंदाजाला मिळत नाही. ज्या केंद्रात ना हृदयालेखाची खात्री ना रक्ततपासणीची, तेथे डॉक्टरच्या हाताला लागणारा गार पाय हेच मापन ठरते. पुढे विंचूदंशाची जी चार श्रेणींतील विभागणी रूढ झाली ती याच निरीक्षणांवर उभी आहे. पहिल्या श्रेणीत केवळ स्थानिक वेदना. दुसरीत स्वायत्त मज्जासंस्थेचे वादळ. तिसरीत गार हातपायांसह फुप्फुसांत पाणी. आणि चौथीत रक्तदाब कोसळलेला, पण हातपाय उबदार असलेला अत्यवस्थ रुग्ण. ही विभागणी नसती तर नंतरच्या कोणत्याही चाचणीला अर्थ उरला नसता, हे पुढे स्पष्ट होईल.

प्राझोसिनची निवड या निरीक्षणातूनच झाली. विष मज्जातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. शरीरात अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आक्रसतात आणि हृदयावर असह्य भार पडतो. हा भार उतरवायचा तर आक्रसलेल्या वाहिन्या सैल केल्या पाहिजेत. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग झाला. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने आणि सतत देखरेखीखाली द्यावे लागते. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे औषध तोंडाने देता येते आणि अल्फा ग्राहकांवरच नेमके काम करते. १९८६ साली त्याचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. या लेखात डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका होत्या.

तुलनेचा कच्चा दुवा

येथे टीकेला जागा आहे. प्राझोसिनपूर्व काळात, म्हणजे साधारणतः १९६१ ते १९८३ दरम्यान, गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते आणि १९८४ नंतर ते चार टक्क्यांच्या खाली आले, अशी आकडेवारी वारंवार उद्धृत होते. ही तुलना काल आणि आज यांची आहे, एकाच काळातील दोन गटांची नव्हे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, वाहने वाढली. अॅट्रोपिनसारखे अपायकारक औषध मागे पडले, हेही मृत्यू घटण्याचे एक कारण असू शकते. उपचार मिळतो अशी ख्याती झाल्यावर रुग्ण लवकर येऊ लागतात आणि सौम्य रुग्णही येतात. मग टक्केवारीचा भाजकच बदलतो. सुधारणेचा किती वाटा प्राझोसिनचा आणि किती बदललेल्या परिस्थितीचा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

तथापि हा आक्षेप कोठवर न्यायचा याचेही तारतम्य हवे. फुप्फुसांत पाणी झालेल्या मुलांपैकी काहींना, केवळ पुरावा शुद्ध राहावा म्हणून, औषधाविना ठेवणे १९८४ साली कोणत्या डॉक्टरला शक्य होते? घट इतकी मोठी आणि यंत्रणा इतकी सुसंगत असताना ऐतिहासिक तुलनेला काही वजन द्यावेच लागते. दोष संशोधकाचा कमी आणि त्या आकड्याला निर्णायक सिद्धता म्हणून पुढे नेणाऱ्या लेखनाचा अधिक आहे.

प्रयोगशाळा, लस आणि २०११ ची चाचणी

याच काळात मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती हे प्राण्यांवरील प्रयोगांतून वेगळ्या निष्कर्षाकडे जात होते. विषामुळे इन्सुलिनची क्रिया बिघडते, म्हणून इन्सुलिन व ग्लुकोज द्यावे, अशी त्यांची मांडणी होती. तिकडे १९९० साली परदेशी प्रयोगशाळेत याच लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले आणि पोटॅशियमच्या वाहिन्यांच्या अभ्यासात ते जगभर वापरले जाऊ लागले. विंचू भारतातला, विषाची कीर्ती जगाची. पण या ज्ञानातून दंश झालेल्या शेतकऱ्याच्या हाती थेट काही आले नाही. मूर्तींच्या मांडणीलाही मोठ्या चाचणीचा आधार लाभला नाही.

खरा वाद लशीचा होता. १९९१ साली बावस्कर दांपत्याने एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारले होते की प्रतिविषाची लस अत्यावश्यक आहे काय. त्यांचा कल प्राझोसिनकडे होता. १९९९ साली ट्युनिशियातील ८२५ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत लशीचा लाभ दिसला नाही, तेव्हा या शंकेला बळ मिळाले. पण त्या चाचणीत दंशाची तीव्रता न पाहता सरसकट रुग्ण घेतले होते, आणि जे आपोआप बरे होणार त्यांच्यात औषधाचा गुण दिसणार कसा? उलट २००९ साली अमेरिकेतील अॅरिझोना येथे तीव्र लक्षणे असलेल्या अवघ्या १५ मुलांच्या चाचणीत लशीचा गुण ठळक दिसला. विंचवाची जात तेथे निराळी होती, हे खरे. तरीही रुग्णांची निवड निष्कर्ष कसा घडवते, हे या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर कळते.

या पार्श्वभूमीवर २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली महाडची चाचणी वाचली पाहिजे. दुसऱ्या श्रेणीतील ७० रुग्ण, प्रत्येकी ३५ चे दोन गट. दोहोंना प्राझोसिन, एका गटाला त्यासोबत हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण लस घेतलेल्या गटात ३२, दुसऱ्या गटात ८. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ अनुक्रमे ८ व १७.७ तास. वीस वर्षांपूर्वी स्वतःच उपस्थित केलेल्या शंकेला स्वतःच्या रुग्णालयात, कठोर पद्धतीने, स्वतःच्या पूर्वमताविरुद्ध जाणारे उत्तर मिळवणे आणि ते छापणे, ही या संशोधनातील सर्वांत मोलाची कृती होय. ‘लॅन्सेट’च्या कथेपेक्षा ती मोठी आहे, गौरवलेखांत ती सहसा नसते.

मात्र या चाचणीच्या मर्यादा झाकू नयेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. रुग्ण मोजके आणि केंद्र एकच होते. मुख्य म्हणजे तिने बरे होण्याचा वेग मोजला. आजार वरच्या श्रेणीत जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे लशीने रुग्ण लवकर घरी गेला असे म्हणता येते. लशीमुळे मृत्यू टळला असे या चाचणीच्या आधारे म्हणता येत नाही. २०१४ साली पुदुच्चेरी येथे ५० मुलांवर झालेल्या चाचणीनेही लवकर बरे होण्यालाच दुजोरा दिला. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील रुग्णांचे काय, हे दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिले.

हा भेद केवळ पंडिती नाही. जगात दरवर्षी बारा लाखांहून अधिक विंचूदंश आणि सव्वातीन हजारांहून अधिक मृत्यू होतात, असा २००८ मधील अंदाज आहे. त्यांतील अनेक मृत्यू आरोग्य केंद्रापासून दूर होतात. लस शिरेतून द्यावी लागते. प्राझोसिनची गोळी आशा सेविकेच्या पिशवीतही राहू शकते. मर्यादित निधी कशावर आधी खर्च करावा, याचे उत्तर वेग आणि मृत्यू यांतील फरक समजल्यावाचून देता येत नाही.

महाडपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील जासई हे याच जिल्ह्यातील गाव. १९८४ च्या भूमिपुत्रांच्या लढ्याने ते महाराष्ट्राला माहीत झाले. भातखाचरांच्या जागी आता तेथे कंटेनरची आवारे आहेत आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूने ते शिवडीशी, म्हणजे परळच्या रुग्णालयांशी व हाफकिनशी जोडले गेले आहे. पण दंशानंतरचा पहिला तास पुलाने ओलांडला जात नाही; तो गावातच जातो. दंश किती वाजता झाला आणि पहिली गोळी किती वाजता पोटात गेली, या दोन नोंदी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण पुस्तकात श्रेणीसह ठेवल्या, तर १९८४ च्या आकड्यांतील कच्चा दुवा रायगड जिल्ह्यापुरता तरी तपासता येईल. त्यासाठी नव्या औषधाची गरज नाही. पुस्तकात दोन रकाने आखले तरी पुरे.