चौकटी उतरल्या, पान निसटलं

झॅक स्नायडरचा २००९ सालचा 'वॉचमेन' मूळ कॉमिकशी इतका प्रामाणिक आहे, की त्याची कितीतरी दृश्यं डेव्ह गिबन्सने काढलेल्या चौकटींवरून थेट घेतलेली दिसतात. रक्ताचा शिंतोडा उडालेला हसरा बिल्ला, रोरशॅकच्या मुखवट्यावरचे हलते डाग, मंगळावरचा काचेचा महाल. एवढी निष्ठा असूनही कॉमिकचा गाभा चित्रपटाच्या हाती लागत नाही.

चाहते भांडले ते शेवटावरून. कॉमिकमध्ये न्यूयॉर्कवर एक अवाढव्य, ऑक्टोपससारखा जीव येऊन आदळतो. चित्रपटात त्याऐवजी अनेक शहरांत स्फोट होतात आणि त्यांचा आळ महानायक डॉक्टर मॅनहॅटनवर येतो. हा बदल समंजस आहे. त्या जीवाची पूर्वतयारी कॉमिकमध्ये अंकामागून अंक होत जाते. पावणेतीन तासांच्या आत तिला जागा सापडणं कठीणच होतं.

खरी हानी पेपरच्या स्टॉलवर झाली. अॅलन मूरच्या संहितेत रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेपरवाला बसतो आणि शेजारी एक मुलगा समुद्री चाच्यांचं कॉमिक फुकटात वाचत असतो. दोघांचंही नाव बर्नार्ड. महानायकांच्या कारस्थानांमध्ये मूर पुन्हापुन्हा या कोपऱ्यावर येतो: युद्धाच्या बातम्या, टॅक्सीवाली, किरकोळ कटकटी. त्यामुळे अकराव्या अंकाच्या अखेरीस प्रलय येतो आणि ते दोघे एकमेकांना बिलगतात, तेव्हा मरणारी माणसं वाचकाच्या ओळखीची झालेली असतात. बारावा अंक उघडतो तो पानभर पसरलेल्या प्रेतांच्या चित्रांनी, एकापाठोपाठ सहा पानं. एरवी नऊ चौकटींच्या शिस्तीत चालणारं कॉमिक इथे ती शिस्त मोडतं. चित्रपटगृहांत आलेल्या आवृत्तीत हे दोघे जेमतेम दिसतात आणि स्फोटानंतर उरतो तो मुख्यतः एक प्रचंड खड्डा. नरसंहाराची किंमतच दिसली नाही, तर ती मोजून शांतता विकत घेणाऱ्या, या संहाराचा सूत्रधार असलेल्या व्हाइटशी वाद घालायचा तरी कसा?

पानाचा आकार हीच मूर-गिबन्स यांची भाषा होती. पाचव्या अंकातल्या पानांची मांडणी मधल्या जोडपानाभोवती आरशासारखी उलटत जाते. वाचक मागे जाऊन ती पडताळू शकतो. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला ती सोय नाही. मूरने चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आपलं नाव येऊ दिलं नाही, यामागचा त्याचा हट्ट इथे पटू लागतो.

मूळ कॉमिकचा कर्ता फ्रँक मिलर यालाच सहदिग्दर्शक करून रॉबर्ट रॉड्रिगेझने २००५ मध्ये 'सिन सिटी' काढला. तोही चौकटींचा भक्त. देखणा, पण लवकर दमवणारा.

मार्जान सात्रापीने मात्र स्वतःच्याच 'पर्सेपोलिस' या आत्मकथनपर कॉमिकवर निर्धास्तपणे कात्री चालवली. व्हिन्सेंट पारोनोसोबत तिने केलेल्या २००७ च्या चित्रपटात कॉमिकमधल्या ठाम काळ्या-पांढऱ्यात राखाडी छटा मिसळतात, इराणच्या सत्ताधीशांचा इतिहास कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासारखा येतो, आणि विमानतळावर बसलेली प्रौढ मार्जान तेवढी रंगीत दिसते. कॉमिकमध्ये नसलेला हा वर्तमानकाळ सगळ्या आठवणींना परदेशातल्या एकटेपणाचा संदर्भ देतो. नैराश्यातून उठलेली मार्जान कर्कश, बेसूर आवाजात गाऊ लागते, तो प्रसंग तर कागदावर उमटूच शकला नसता. कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं. पुस्तक वाचलेल्या माणसालाही तो नव्याने काही सांगतो, आणि हे स्नायडरला जमलं नाही.